न उच्चारलेले ‘होय’



गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामात एक प्रसंग घडला. त्यात चूक कोणाची, याविषयी विहिरीवर, दूध सोसायटीच्या ओट्यावर आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात पुष्कळ बोलणे झाले. कोणी दोष एका भावाला दिला, कोणी त्याच्या बहिणीला. खरा दोष आमचा होता. तो आम्ही एका रविवारी वेदीवरून कबूल केला. आज येथे सविस्तर लिहीत आहोत, कारण त्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला तो एका घरापुरता किंवा एका गावापुरता नाही. प्रश्न असा की, ज्याची देवावर श्रद्धा नाही तो माणूस प्रामाणिक असू शकतो काय? आणि असला, तर आम्हां श्रद्धावंतांच्या श्रद्धेचे प्रयोजन काय?

ज्यांच्यासंबंधाने लिहीत आहोत त्यांची अनुमती आम्ही घेतली आहे. नाव मात्र देत नाही. गावातील लोक ओळखतील. बाहेरच्यांनी ओळखण्याचे कारण नाही.

हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. जन्माने कॅथलिक, बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालेला, लहानपणी वेदीसेवक म्हणूनही उभे राहिलेले. परंतु गेली वीस-बावीस वर्षे लग्न आणि मर्तिक सोडले तर चर्चमध्ये त्यांचे पाऊल नाही. ‘देव आहे असे मला वाटत नाही,’ हे ते कोणाची भीड न धरता सांगतात; मात्र देव मानणाऱ्यांची टवाळी करताना त्यांस कोणी पाहिलेले नाही. गावच्या दूध सोसायटीचे ते सेक्रेटरी आहेत. पहाटे दूध मोजून घ्यावयाचे, फॅट आणि डिग्री पाहावयाची, वहीत लिहावयाचे आणि दर पंधरवड्यास पैसे वाटावयाचे, हे त्यांचे काम. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुधाची डिग्री कमी भरली, तेव्हा ते दूध त्यांनी चारचौघांसमोर परत केले. भावाने दोन वर्षे बोलणे टाकले होते. सोसायटीच्या हिशेबात एका पैशाची तफावत कधी निघाली नाही, हे त्यांचे वैरीही सांगतात.

त्यांच्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. बाळाचा धर्मपिता आपला दादाच व्हावा, असा तिचा हट्ट. दादाने नकार दिला. बहीण रडत आमच्याकडे आली. बाळाच्या आनंदात घरात अबोला शिरला होता. पावसाळा तोंडावर आला होता, पाहुण्यांना निरोप गेले होते, आणि तिची समजूत काही पटेना. आम्ही तिला धीर दिला आणि संध्याकाळी त्या गृहस्थांना बोलावून घेतले.

आम्ही जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो. आम्ही म्हणालो, “अहो, बहिणीचे मन मोडू नका. विधीत तीन प्रश्न विचारतात. पित्यावर श्रद्धा आहे काय, पुत्रावर आहे काय, पवित्र आत्म्यावर आहे काय. तीन वेळा ‘होय’ म्हणावयाचे. दोन मिनिटांचे काम. मनात काय आहे ते तुमचे तुमच्यापाशी राहू द्या.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, रोज सकाळी एक म्हातारी दूध घालायला येते. ती म्हणते, ‘आजच्या दिवस पावशेर जास्त लिही रे बाबा, कोण बघायला येतंय?’ तिला मी नाही म्हणतो. आणि तुम्ही मला चर्चमध्ये उभं राहून तेच करायला सांगता. वहीत नाही ते दूध लिहायचं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. ते उठून गेले. जाताना नमस्कार करून गेले, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गोष्ट गावभर झाली. एक-दोन जाणती माणसे आमच्याकडे आली. त्यांचे म्हणणे असे की, जो माणूस उघडउघड देव नाकारतो, त्याच्या हाती सोसायटीची पेटी ठेवणे बरे नव्हे. ज्याला वर कोणाचे भय नाही तो उद्या काय करील याचा नेम काय? वार्षिक सभा महिन्यावर आली होती. नवा सेक्रेटरी नेमावा, आणि त्यासाठी फादरांनी एक शब्द टाकावा, अशी त्यांची विनंती होती. म्हणजे ज्या माणसाने खोटे बोलण्यास नकार दिला, त्याच नकारामुळे त्याची भाकरी जाण्याची वेळ आली होती. आणि त्या नकाराचे मूळ आमच्या बोलण्यात होते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमची पहिली चूक साधी होती. ख्रिस्तसभेचा नियम सांगतो की, धर्मपिता होणारा कॅथलिक असावा, त्याने दृढीकरण व पवित्र कम्युनियन हे संस्कार घेतलेले असावेत, आणि त्याचे जीवन श्रद्धेला व त्या जबाबदारीला शोभणारे असावे. १९८३ च्या धर्मसंहितेत हे स्पष्ट आहे. त्याच संहितेत असेही आहे की, बाप्तिस्म्यास एकच धर्मपिता किंवा एकच धर्ममाता पुरेशी आहे. एकट्या धर्ममातेवर बाप्तिस्मा रीतीप्रमाणे होऊ शकला असता. सोपी आणि सरळ वाट समोर होती. आम्ही बहिणीचे अश्रू पाहून वाकडी वाट धरली.

दुसरी चूक याहून मोठी. ज्या देवावर त्या गृहस्थांची श्रद्धा नाही, त्या देवाच्या वेदीसमोर खोटे बोलण्यास ते तयार नव्हते. आणि त्याच देवाचे सेवक म्हणविणारे आम्ही त्यांस खोटे बोलण्याचा आग्रह करीत होतो. श्रद्धेचा अंगीकार म्हणजे बारशाच्या घरची औपचारिकता आहे, असे आम्ही आमच्याच तोंडाने त्यांस शिकविले.

वाचकहो, सेमिनरीत असताना ज्यांचे चरित्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचले, ते संत थॉमस मोर त्या रात्री आम्हांस आठवले. १५२९ साली ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजाच्या खालोखालचा हा मान. राजा आठवा हेन्री आपली राणी कॅथरिन हिच्याशी झालेला विवाह रद्द ठरवून ॲन बोलीनशी विवाह करू पाहत होता, आणि पोपचा अधिकार झुगारीत होता. मोर यांनी १५३२ च्या मे महिन्यात पद सोडले आणि ते घरी स्वस्थ बसले. राजाच्या विरोधात त्यांनी बंड केले नाही. परंतु १५३४ साली नवा कायदा झाला आणि प्रजेकडून शपथ मागण्यात आली. ॲनची मुले गादीवर बसतील, एवढे मान्य करण्यास मोर तयार होते. पण शपथेच्या शब्दांत जे आणखी गोविले होते ते त्यांच्या सदसद्विवेकाला खरे वाटत नव्हते. त्यांनी शपथ घेतली नाही. त्यांस लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले.

त्या काळी जवळजवळ सर्वांनी शपथ घेतली होती. इंग्लंडच्या बिशपांपैकी फक्त एकाने, जॉन फिशर यांनी, नकार दिला. मोर यांच्या घरच्यांचाही आग्रह होता. त्यांची लाडकी आणि विदुषी कन्या मार्गारेट हिने मनात एक मर्यादा ठेवून शपथ घेतली होती, आणि पित्यानेही तसे काही करून जीव वाचवावा म्हणून तिने तुरुंगात परोपरीने सांगून पाहिले. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, मार्गारेट जे प्रेमापोटी म्हणत होती तेच आम्ही त्या संध्याकाळी म्हणालो: शब्द उच्चारा, मन वेगळे ठेवा. मोर यांनी मुलीवरचे प्रेम तसूभर कमी केले नाही आणि शब्दही उच्चारले नाहीत. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून घोषित केले.

त्यांस दोषी ठरविणारी प्रमुख साक्ष रिचर्ड रिच नामक अधिकाऱ्याची होती. त्यानेही शपथेवरच साक्ष दिली. ती साक्ष खोटी आहे, असे मोर यांनी न्यायासनासमोर त्याच्या तोंडावर सांगितले. हा रिच पुढे स्वतः लॉर्ड चॅन्सेलर झाला. देवाच्या नावाने शपथ घेणारा आणि शपथ नाकारणारा हे दोघे त्या दालनात समोरासमोर उभे होते. देवाचे नाव कोणी अधिक मानले हे आज कोणाला सांगावे लागत नाही.

आता त्याच इंग्लंडातील दुसरा माणूस पाहा. मोर यांच्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी चार्ल्स ब्रॅडलॉ या नावाचा गृहस्थ पार्लमेंटवर निवडून आला. हा उघड नास्तिक. लंडनच्या गरीब घरात १८३३ साली त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवीत असे. बिशपांच्या भेटीची तयारी म्हणून अभ्यास करताना आपल्या चर्चची धर्मतत्त्वे आणि शुभवर्तमाने यांत त्याला काही विसंगती दिसली. त्याने आपल्या धर्मगुरूंस पत्र लिहून खुलासा मागितला. धर्मगुरूंनी खुलासा न करता पोराला नास्तिकपणा चढला असे ठरविले आणि त्याला शिकविण्याच्या कामावरून दूर केले. पुढे त्याला घरही सोडावे लागले. एका प्रामाणिक प्रश्नाला एका धर्मगुरूने दिलेले हे उत्तर आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये.

१८८० साली ब्रॅडलॉ नॉर्दम्प्टन शहरातून निवडून आला. पार्लमेंटमध्ये बसण्यापूर्वी देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. देवाचे नाव घेणारे शब्द आपल्याला अर्थहीन आहेत, म्हणून आपण शपथेऐवजी गंभीरपणे प्रतिज्ञा करू, अशी त्याने परवानगी मागितली. क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांना ती सवलत पूर्वीपासून होती. तेही प्रभूच्या शिकवणीमुळेच, कारण डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शपथा वाहू नका, असे सांगितले आहे. ब्रॅडलॉला ती सवलत नाकारण्यात आली. येथे सांगितले पाहिजे की, त्यानंतर तो शपथ घेण्यास तयार झाला. शब्दांनी नव्हे, तर त्यातील वचनाने आपण बांधले जाऊ, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या विरोधकांनी यावरून त्याला ढोंगी म्हटले, आणि ही पायरी तो उतरला नसता तर बरे झाले असते, असे आम्हांसही वाटते. परंतु सभागृहाने त्याला शपथही घेऊ दिली नाही. जून १८८० मध्ये एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळ-मनोऱ्यात कोंडून ठेवण्यात आले. त्याची जागा रिकामी ठरविण्यात येई, आणि नॉर्दम्प्टनचे लोक त्यालाच पुन्हा निवडून देत. १८८६ साली त्याला अखेर आसन मिळाले. १८८८ साली त्याच्याच पुढाकाराने कायदा झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा मार्ग सर्वांना मोकळा झाला.

आपल्याच घरातले काही येथे लपविणे या लेखाला शोभणार नाही. ब्रॅडलॉला पार्लमेंटमध्ये बसू देऊ नये म्हणून लेखणी झिजविणाऱ्यांत इंग्लंडचे कॅथलिक कार्डिनल मॅनिंग हे अग्रभागी होते. गरिबांचे कैवारी असलेल्या या थोर पुरुषाला नास्तिकाच्या प्रवेशाने राष्ट्राचा पाया खचेल असे मनापासून वाटत होते. उलट संत जॉन हेन्री न्यूमन, तेव्हाचे कार्डिनल न्यूमन, त्या विरोधात सामील झाले नाहीत. १८८३ साली प्रतिज्ञेचे विधेयक आले तेव्हा, ते संमत झाल्याने धर्माचे काही जात नाही आणि फेटाळल्याने धर्माला काही लाभत नाही, असे त्यांनी पत्राने कळविले. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे स्वतः अत्यंत भाविक अँग्लिकन. त्यांनी त्या विधेयकाच्या बाजूने भाषण केले. विधेयक तीन मतांनी पडले. म्हणजे भाविकांतही तेव्हा एकमत नव्हते.

ब्रॅडलॉचे नाव हिंदुस्थानातही पोचले होते. आपल्या देशाची बाजू तो पार्लमेंटमध्ये मांडीत असे, आणि १८८९ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास तो आला होता. ३० जानेवारी १८९१ रोजी तो वारला. लंडनमध्ये शिकत असलेला एकवीस वर्षांचा मोहनदास गांधी त्याच्या अंत्यविधीला गेला होता; काही ख्रिस्ती धर्मगुरूही त्याला अखेरचा मान देण्यास आले होते, असे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये, सत्य हाच देव होय, हा आपला विचार मांडताना गांधीजींनी ब्रॅडलॉची आठवण काढली आणि तो स्वतः मान्य करणार नाही तरी आपण त्याला देवभीरूच म्हणू, असे सांगितले. गांधीजींचे मन मोठे. आम्हांस मात्र वाटते की, एखाद्याने प्रामाणिकपणे नाकारलेले नाव त्याच्यावर प्रेमानेसुद्धा लादू नये. तो नास्तिक होता. नास्तिक असून सत्याला जपत होता. एवढेच खरे आहे आणि तेवढेच पुरे आहे.

आज आपल्या देशात १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला देवाच्या नावाने शपथ घेता येते किंवा गंभीरपणे प्रतिज्ञा करता येते. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांना व खासदारांनाही हे दोन्ही मार्ग दिले आहेत. ज्याच्या ओठांवर जे खरे असेल ते त्याने म्हणावे, हा त्यामागचा विचार आहे.

मग आमच्या धर्माचे याविषयी काय म्हणणे आहे? ते नवे नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की, ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही तेही जेव्हा स्वभावतः त्याप्रमाणे वागतात, तेव्हा नियम त्यांच्या हृदयावर लिहिलेला आहे हे दिसून येते, आणि त्यांचा सदसद्विवेक साक्ष देतो. म्हणून श्रद्धाहीन माणसाचा प्रामाणिकपणा पाहून आपण दचकण्याचे कारण नाही. ज्याने ते हृदय घडविले त्याचीच ती लिपी आहे, अशी आपली श्रद्धा आहे. ती त्या माणसाला वाचता येत नसेल. पण तो तिच्याप्रमाणे चालतो. प्रभूने सांगितलेली दोन मुलांची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. बापाने मळ्यात जाण्यास सांगितले तेव्हा एक मुलगा नाही म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेलाच नाही. आपण सारे रविवारी हो म्हणणारे आहोत. सोमवारी मळ्यात कोण दिसतो, हे बाप पाहतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जे दस्तऐवज दिले, त्यात नास्तिकतेचा विचार आहे. आणि नास्तिकता उत्पन्न होण्यात स्वतः श्रद्धावंतांचाही वाटा थोडा नसतो, अशी कबुली आहे. आपल्या वागण्याने आपण देवाचे मुख दाखविण्याऐवजी झाकतो, असा त्याचा आशय. हे शब्द आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. ते कळले मात्र त्या गृहस्थांच्या घरी.

कारण दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांच्या पत्नीने चहा ठेवला. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, ते बारा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचा बांधाचा खटला न्यायालयात चालला होता. शेजाऱ्याने पवित्र पुस्तकावर हात ठेवून खोटी साक्ष दिली. शेत गेले. पुढच्या सणाला तोच शेजारी मिरवणुकीत क्रुसामागे मेणबत्ती घेऊन चालत होता, आणि ते वेदीसेवक म्हणून धूपपात्र घेऊन त्याच्या पुढे होते. आम्ही विचारले, “म्हणून तुमची श्रद्धा गेली काय?” ते म्हणाले, “नाही फादर, तसं म्हटलं तर खोटं होईल. ती हळूहळू गेली, वाचून, विचार करून. पण तो दिवस मी विसरलो नाही.”

मग ते हसून म्हणाले, “तुमच्या लोकांना एक सोय आहे. शनिवारी कुमसार केला की पाटी कोरी. मला ती सोय नाही. म्हणून मला आधीच सांभाळून चालावं लागतं.”

वाचकहो, हा बाण आम्हांस लागला, आणि तुम्हांसही लागावा म्हणून येथे लिहितो. पापनिवेदन ही अशी सोय नव्हे. चोरी केलेली वस्तू परत केल्यावाचून, खोट्या साक्षीने केलेली हानी शक्य तेवढी भरून दिल्यावाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, हे ख्रिस्तसभेने सतत शिकविले आहे. जक्कय जकातदाराच्या घरी तारण आले तेव्हा त्याने आधी तोंडाने स्तोत्र गायिले नाही. ज्यांस फसविले त्यांस चौपट परत देण्याचे त्याने कबूल केले. आमच्यापैकी किती जणांनी सरकविलेला बांध मागे घेतला आहे? पाणी घातलेल्या दुधाचे पैसे किती जणांनी सोसायटीत परत भरले आहेत? जन्मतारखेचा खोटा दाखला मागण्यास आमच्याकडे आलेल्यांपैकी कोणीही नास्तिक नव्हता, हे आम्हांस दुःखाने सांगावे लागते.

तर मग श्रद्धेचे प्रयोजन काय, हा आरंभीचा प्रश्न राहिलाच. आमचे उत्तर असे आहे. प्रामाणिकपणाची मक्तेदारी आपल्याला मिळावी म्हणून श्रद्धा दिलेली नाही. श्रद्धेने आपल्यावर अधिक बोजा येतो. ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, असे प्रभूने सांगितले आहे. श्रद्धाहीन माणूस खोटे बोलला तर तो माणसांशी खोटे बोलतो. आपण खोटे बोलतो तेव्हा ज्याला आपण सत्य म्हणून पुजतो त्याच्याशी बोलतो. आणि श्रद्धेने आपल्याला एक आधारही मिळतो. आपण पडतो, आणि पडल्यावर उठून परत जाण्यास आपल्याला घर आहे. त्या गृहस्थांच्या सरळपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण कोणाही माणसाला कायम सांभाळून चालणे जमत नाही, आणि ज्या दिवशी पाय घसरेल त्या दिवशी उचलून घेणारा कोणी आहे, ही सुवार्ता त्यांस कधीतरी पोचावी अशी आमची प्रार्थना आहे. ती आम्ही त्यांस सांगितली. ते म्हणाले, “प्रार्थना करा, फादर. माझी हरकत नाही.”

ज्यांनी पेटीविषयी शंका काढली होती, त्यांस आम्ही रविवारच्या प्रवचनात उत्तर दिले. ज्या माणसाला तीन वेळा ‘होय’ म्हणून बहीण, गाव आणि फादर या सर्वांना खूष करता आले असते आणि ज्याने ते केले नाही, त्याच्या हाती पेटी सुरक्षित आहे. शंका घ्यावयाची तर आमच्यावर घ्यावी, असे आम्ही सांगितले. चर्चमध्ये शांतता पसरली. वार्षिक सभेत नव्या सेक्रेटरीचा विषय कोणी काढला नाही.

बाप्तिस्मा जूनच्या पहिल्या रविवारी झाला, एकट्या धर्ममातेवर. ती बाळाची आत्या. ती रोज रात्री घरात रोझरी चालविते आणि बाजारात भाजी विकताना माप भरून देते. बहिणीचा रुसवा एकदम गेला नाही. अशा गोष्टींना वेळ लागतो. पण बाळाच्या अंगावर जो पांढरा झगा होता, त्याचे कापड मामाने आणले होते. मामा शेवटच्या बाकावर बसले होते. आम्ही प्रश्न विचारले, आईबापांनी आणि आत्याने उत्तरे दिली. त्या दिवशी त्या चर्चमध्ये जी ‘होय’ उमटली ती सारी खरी होती, असे आम्ही समजतो. आणि त्या शेवटच्या बाकावरून जी उमटली नाही, तीमुळे बाकीच्यांचे मोल आम्हांस कळले.

पुढच्या वेळी तुम्ही बाप्तिस्म्यास उभे राहाल, किंवा रविवारी मिस्सात श्रद्धेचा अंगीकार म्हणाल, तेव्हा शब्द सावकाश म्हणा. मनात शंका असेल तर ती देवापुढे मांडा आणि आमच्याकडे या. प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही आम्ही दारातून परतविणार नाही, असे वचन देतो. आणि सोमवारी सकाळी दुधाची किटली उचलताना, तोच शब्द तुमच्या मापातही भरलेला असू द्या.

प्रभू तुम्हां सर्वांना सत्यात राखो.